दगड, माती की झाडपाला? स्ट्रॉन्शियमचा नकाशा करताना

दाताचं एनॅमल लहानपणी घडतं आणि पुढे बदलत नाही. त्या वयात खाल्ल्या-प्यायलेल्या अन्नपाण्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या जागी बसून तिथेच राहतं, आणि त्याच्या प्रकारांचं प्रमाण जागेनुसार बदलतं. म्हणून उत्खननात सापडलेल्या दातावरून माणूस कुठला हे शोधता येतं, पण आधी त्या मुलखात कुठे हे प्रमाण किती, याचा नकाशा हवा. तो कशावरून करायचा? पैसे एकाच प्रकारच्या नमुन्यापुरते असतील, तर माझं मत झाडपाल्याला.

दगडाची बाजू मोहात पाडणारी आहे. खडकातल्या किरणोत्सारी रुबिडियम-८७ चं अत्यंत सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होतं. त्यामुळे स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर जुन्या ग्रॅनाइटमध्ये चढलेलं आणि तरुण बेसाल्टमध्ये कमी असतं. भूशास्त्रीय नकाशे तयारच असतात, म्हणजे सुरुवात स्वस्तात होते. पण ‘दख्खनचा बेसाल्ट’ म्हणजे एकच आकडा नव्हे. सह्याद्रीतला आंबेनळी थर ०.७०४ च्या आसपास, तर बुशे थर ०.७१३ च्याही वर, कारण वर येताना त्या लाव्ह्यात भूकवचातला जुना खडक मिसळला. शिवाय खडकातली सगळी खनिजं एका वेगाने झिजत नाहीत. पिकात उतरतं ते पाण्यात विरघळलेलं, अख्ख्या दगडाची सरासरी नव्हे.

माती त्या मानाने जवळची. चाळायची, अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात हलवायची, की मुळांना मिळणारा अंश साधारण सुटून येतो. उरलेली बरणीत वर्षानुवर्षं टिकते, शंका आली तर पुन्हा मोजता येते. मात्र शेतातली माती घ्याल तर फसाल. डेन्मार्कमध्ये १९२१ साली ओकच्या शवपेटीत सापडलेली एग्टवेडची मुलगी, इसवी सनापूर्वी सुमारे १३७० ची, परदेशातून, बहुधा जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टकडून आली असावी, असं २०१५ मध्ये मांडलं गेलं. २०१९ मध्ये आर्हुस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी दाखवलं, की शेतात टाकलेल्या चुन्यामुळे तिथले आकडे खाली आले आहेत. चुना न पडलेल्या जागा धरल्या, तर तिच्यातले चढे आकडे जवळपासच मिळतात. चुन्याचा परिणाम वरच्या थरापुरताच राहतो, हे २०१५ च्या मूळ गटाचं म्हणणं. वाद कुणीही जिंको, नमुन्याची जागा चुकली तर एका मुलीचं अख्खं गाव बदलतं. आपल्याकडच्या सुपरफॉस्फेटमधूनही बाहेरचं स्ट्रॉन्शियम येतं, हे विसरू नका.

झाडपाल्यात निवडीचं काम मुळंच करतात. पण एका झाडावर विसंबू नका: गवत वरच्या मातीतलं घेतं, मोठं झाड खोलवरचं. एका जागी गवत, झुडूप आणि झाड अशी तिन्हींची पानं घ्या, कागदी पाकिटात वाळवा, भट्टीत राख करा. जागा म्हणून मला देवराई सर्वांत भरवशाची वाटते, तिथे नांगर आणि खताची गोणी पोचलेली नसते. गावकऱ्यांना विचारूनच जा. कित्येक देवरायांतून वाळकी काडीसुद्धा कुणी उचलत नाही.

कोकणात पानांचा आकडा समुद्राच्या ०.७०९२ कडे सरकलेला दिसला तर दचकू नका. खारा वारा आणि पाऊस तो आणतात, आणि तिथल्या माणसाच्या दातातही तेच उतरतं. दगडावरून केलेल्या नकाशात हे दिसणारच नाही.

गोगलगायींच्या शंखांचा पर्यायही सुचवला जातो, पण त्यांच्यात पावसाचं पाणी आणि मातीतला चुनखडीचा अंश जास्त उतरतो. आपल्या काळ्या मातीत जागोजाग चुनखडी असते, तिथे मी तरी शंखांवर भिस्त ठेवणार नाही.