मागच्या दिव्यांना एलईडी: प्रकाश वाढला, फरक हरवला (काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव)

पावसाळा संपत आला तेव्हा गाडीच्या उजव्या मागच्या दिव्यातील एलईडी बल्बची एक उभी ओळ विझली, आणि बरेच दिवस लिहायचा राहिलेला हा अनुभव त्या निमित्ताने लिहायला घेतला. गाडी मारुतीची, 2014 सालची हॅचबॅक आहे. मागे ब्रेक आणि टेल (रात्री हेडलाइटसोबत सतत चालू राहणारा मागचा मंद दिवा) या दोन्हींसाठी मिळून 21/5 वॅटचा दुहेरी फिलामेंटचा एकच बल्ब आणि इंडिकेटरला 21 वॅटचा स्वतंत्र बल्ब असतो, हे अशा गाड्या वापरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ‘एलईडी लावल्यावर उजेड किती वाढतो’ या एकाच प्रश्नावर सगळी चर्चा अडकते, अशी माझी तक्रार आहे. मागच्या दिव्याचे खरे काम नुसते उजळ दिसणे नसून, ब्रेक दाबलेला असताना आणि नसताना वेगळे दिसणे हे आहे.

बसवण्याच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डिकीचे दार उघडल्यावर दिसणारे दोन स्क्रू काढून दिवा सरळ मागे ओढला की तो हातात येतो, होल्डर थोडा फिरवून बाहेर काढायचा, बल्ब दाबून फिरवायचा आणि नवा बसवायचा. दुहेरी बल्बच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. दिवा हाताशी आलाच आहे तर आतली धूळ आणि मेलेले किडे साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तो परत लावावा. माझ्या गाडीला निम्मा उजेड या धुण्यानेच आला असावा. खरेदी करताना मात्र एका मुद्द्यावर हट्ट धरावा. दुकानदार ‘पांढरा घ्या, कुठेही चालतो’ असे सांगून पांढरा एलईडी पुढे करतो. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर असतो, त्यामुळे त्याच्या प्रकाशात लाल भाग मुळातच कमी असतो, आणि लाल काच तर फक्त लालच बाहेर सोडते. परिणामी पांढरा बल्ब लाल काचेमागे फिकट गुलाबी आणि अपेक्षेपेक्षा मंद दिसतो. लाल काचेमागे लाल एलईडीच हवा, म्हणून मी तोच घेतला.

सुरुवातीचे काही आठवडे मी या बल्बचा प्रचारक झालो होतो, हे मान्य करायला हरकत नाही. फिलामेंट तापून पूर्ण तेजाने पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडी जवळजवळ त्याच क्षणी पेटतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटरहून अधिक अंतर कापते, म्हणजे मागच्या चालकाला सुमारे साडेचार मीटर आधी सूचना मिळते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या रांगेत याला महत्त्व नसेल, पण मुंबई महामार्गावर ट्रक मागे लागलेला असताना साडेचार मीटर म्हणजे माझ्या गाडीच्या लांबीपेक्षाही जास्त अंतर आहे. दिवसाच्या उन्हात ब्रेकचा दिवा ठळक दिसे आणि समाधान वाटे.

मत बदलले ते पावसाळ्यात. मुंबईहून परतताना मेहुणे त्यांच्या गाडीने मागे होते. कसारा घाट चढून इगतपुरीच्या धुक्यातून बाहेर पडलो आणि घोटीला चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दाजी, तुमचा ब्रेकचा स्विच अडकलाय का? पूर्ण घाटात ब्रेक लागलेलेच दिसत होते.” स्विच व्यवस्थित होता. त्यांना दिसत होता तो टेलचा दिवा, आणि तो इतका प्रखर होता की ब्रेक दाबल्यावर त्यात झालेली वाढ त्यांच्या लक्षातच येत नव्हती.

घरी आल्यावर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिवे मालवून गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली. एका बाजूला जुना फिलामेंटचा बल्ब परत लावला, दुसऱ्या बाजूला एलईडी राहू दिला, आणि सौभाग्यवतींना ब्रेकवर पाय ठेवायला बसवले. भिंतीवर ‘येथे वाहन धुऊ नये’ असा फलक आहे. फिलामेंटच्या बाजूने उभी केल्यावर नुसत्या टेलच्या प्रकाशात फलकाची चौकट तेवढी कळत होती आणि ब्रेक दाबताच अक्षरे वाचता येत होती. गाडी सरकवून एलईडीची बाजू फलकासमोर आणली, तर अक्षरे टेलच्या प्रकाशातच वाचता आली. ब्रेक दाबल्यावर ती किंचित अधिक लाल झाली, इतकेच. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे एक्स्पोजर कुलूपबंद करून घेतलेल्या छायाचित्रांतही हेच दिसले.

कारण बल्बच्या मूळ रचनेत आहे. 21/5 या आकड्यांवरून ब्रेकचा प्रकाश टेलच्या चौपट असेल असे वाटते, परंतु वॅट म्हणजे प्रकाश नव्हे. या प्रकारच्या बल्बच्या मानकात मोठ्या फिलामेंटचा प्रकाश 440 ल्युमेन (प्रकाश मोजण्याचे एकक) आणि लहानाचा फक्त 35 ल्युमेन धरलेला आहे, म्हणजे फरक बारापटीहून अधिक आहे. एवढा फरक असतो म्हणूनच पावसात, धुक्यात, चिखल उडालेल्या काचेतूनही ब्रेक ओळखू येतो. स्वस्त दुहेरी एलईडीमध्ये त्याच चिप टेलसाठी थोड्या कमी प्रवाहावर चालवतात, आणि हे ‘थोडे कमी’ किती असावे याची काळजी बनवणाऱ्याला फारशी नसते, कारण दुकानात ग्राहक प्रथम टेल लावूनच ‘वा, काय उजेड आहे’ म्हणतो. शिवाय दिव्यातील आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागेच्या आजूबाजूला असल्याने प्रकाश मध्ये गोळा होतो आणि कडा काळ्या राहतात.

आता विझलेल्या ओळीकडे येतो. फिलामेंटचा बल्ब गेला की पूर्ण जातो आणि कोणीतरी सांगते. एलईडीमध्ये चिप ओळीने जोडलेल्या असतात, एक चिप गेली की तिची ओळ जाते आणि बाकीचा बल्ब चालू राहतो, त्यामुळे बिघाड झाल्याचे मालकाला कळतही नाही. मी बल्ब घेऊन दुकानात गेलो, बिल दाखवले, वर्षाच्या वॉरंटीचा शिक्का दाखवला. उत्तर मिळाले, “साहेब, वॉरंटी बल्ब बंद पडला तर आहे. हा तर पेटतोय.” अर्धा पेटतोय असे मी म्हटले, तेव्हा अर्धा पेटतोय म्हणजे पेटतोयच असे त्यांनी मला समजावले. चाळीस रुपयांच्या आत, कोणत्याही टपरीवजा गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बल्बच्या जागी सहाशे रुपयांची जोडी घेतल्यावर हा युक्तिवाद ऐकावा लागला, याचा राग अजून गेलेला नाही. याच पावसाळ्यात काचेच्या आत दव साचून राहण्याचा त्रासही नव्याने सुरू झाला. फिलामेंटच्या उष्णतेने आतला ओलावा वाळत असे, एलईडीने तो वाळत नाही.

इंडिकेटरबाबत तर हिशेबच उलटा पडतो. एलईडी लावताच तो दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो, कारण प्रवाह कमी झाला की फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बल्ब गेला असे समजतो. त्यावर उपाय म्हणून विकला जाणारा 6 ओहमचा, 50 वॅटचा रेझिस्टर 13.5 व्होल्टला सव्वादोन अँपिअर ओढतो, म्हणजे सुमारे 30 वॅट. मूळ बल्ब 21 वॅटचा होता. वीज वाचवण्यासाठी एलईडी लावायचा आणि तो नीट लुकलुकावा म्हणून मूळ बल्बपेक्षा जास्त वीज उष्णतेत घालवायची, हा व्यवहार मला पटला नाही. शिवाय तो रेझिस्टर एवढा तापतो की प्लास्टिकला किंवा वायरच्या गुंडाळीला टेकू देता येत नाही, पत्र्यावरच घट्ट बसवावा लागतो. एलईडीसाठीचा वेगळा फ्लॅशर मिळतो, पण तोपर्यंत माझा उत्साह संपला होता. इंडिकेटर मूळ अवस्थेत आहेत.

सध्याची व्यवस्था अशी आहे. दोन्ही बाजूंना पुन्हा फिलामेंटचे दुहेरी बल्ब आले आहेत आणि मागच्या काचेतल्या तिसऱ्या ब्रेक दिव्यात लाल एलईडी आहे. तिसऱ्या दिव्याला टेलचे काम नसते. तो एरवी पूर्ण काळा असतो आणि ब्रेक दाबताच पेटतो, त्यामुळे फरक हरवण्याचा प्रश्नच येत नाही आणि आधी सूचना देण्याचा फायदाही पदरात पडतो. मेहुण्यांना रात्री पाथर्डी फाट्यापर्यंत मागे यायला लावून खात्री करून घेतली. दुहेरी एलईडी सगळेच वाईट असतात असा माझा दावा नाही. ज्यांना ते लावायचेच आहेत त्यांनी पैसे देण्यापूर्वी अंधारात, भिंतीसमोर, टेल चालू ठेवून ब्रेक दाबून पाहावा; दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच बल्ब छान दिसतात. काढलेले मूळ बल्बही टाकू नयेत. दिव्याची मान्यता ठरावीक प्रकारच्या बल्बसह असते, आणि खासगी गाडीची 15 वर्षांची नोंदणी संपल्यावर नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा तेच उपयोगी पडतील.

नंबर प्लेटच्या दिव्यात मात्र लहान पांढरा एलईडी बेलाशक लावावा. तो पेटला नाही तर उलटा फिरवून बसवावा, कारण त्याच्या काचेच्या पायाचा बल्ब दोन्ही बाजूंनी बसतो आणि एलईडी एकाच बाजूने चालतो. रिव्हर्सच्या दिव्यातला पांढरा एलईडीही मी ठेवला आहे. आमच्या इमारतीमागच्या अंधाऱ्या बोळात गाडी मागे घेताना गटाराचे झाकण आता आरशात स्पष्ट दिसते.