देव्हाऱ्यासाठी लाकूड: उंबर, शमी की सागवान?

कोल्हापुरात नवं घर बांधताना देव्हाऱ्यापाशी येऊन घोडं अडतं. सुतार म्हणतो सागवान घ्या. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, आपण नृसिंहवाडीच्या दत्ताचे, उंबराचं लाकूड असू दे. पत्रिका बघणारा साडेसातीवर शमी सुचवतो. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण या तिन्ही लाकडांचं काम एक नाही.

उंबराचा मान फार जुना. ऐतरेय ब्राह्मणात राज्याभिषेकाची आसंदी, म्हणजे राजाचं आसन, उंबराच्या लाकडाची सांगितली आहे. सोमयागाच्या सदोमंडपात रोवायचा खांबही उंबराचाच, कारण या झाडात ‘ऊर्ज’ म्हणजे अन्नातलं बळ साठलेलं असतं अशी धारणा होती. पुढे गुरुचरित्राने त्याला शीतलतेची कथा जोडली. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांची आग शमेना, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली आणि त्यांत नखं रोवताच दाह थांबला. उंबराचं फूल दिसेल त्याचं भाग्य उजळतं, असंही जुनी माणसं सांगत आली. ते दिसत नाही हे खरंच आहे. फुलं फळाच्या पोटात असतात आणि एक इवलासा कीटक आत शिरून परागीभवन करतो. मला हे दंतकथेइतकंच अद्भुत वाटतं.

उंबराचं पाण्याशीही नातं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहिता या जुन्या ग्रंथात भूमिगत पाण्याच्या खुणा सांगताना उंबराचा उल्लेख येतो. नृसिंहवाडीला औदुंबराच्या छायेत दत्ताच्या पादुका आहेत. पुरात कृष्णामाई त्या पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला शिरोळ तालुक्यातलेच नव्हे, लांबलांबचे लोक येतात. उंबराच्या लाकडाचा स्वभावही तसाच. पाण्याखाली ते चांगलं टिकतं, म्हणून पूर्वी विहिरीच्या कामाला वापरत. घरात कोरड्या जागी मात्र हलकं, मऊ आणि किडीला लवकर बळी पडणारं. याहून मोठी अडचण श्रद्धेचीच आहे: उभा उंबर तोडू नये, असं तीच सांगते. दत्ताला बसवायला दत्ताचंच झाड पाडायचं, हे मला पटत नाही. शिवाय शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

शमी हे अग्नीचं झाड. यज्ञाचा अग्नी मंथून काढायची अरणी, म्हणजे घासायचं लाकूड, शमीवर उगवलेल्या पिंपळाची घेत. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं शमीवरच लपवली. कोल्हापूरच्या दसरा चौकात दसऱ्याला छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं. त्यानंतर लुटलं जाणारं सोनं मात्र आपट्याचं. शमीचं लाकूड टणक आणि जड असतं. पण हे कोरड्या मुलखातलं झाड, आपल्या पावसात फार फोफावत नाही, त्यामुळे देव्हाऱ्याजोग्या फळ्या मिळणं कठीण. शनीसाठी शमी हवी असेल तर होमात समिधा म्हणून घ्या, पुरेशी आहे. शुक्राची समिधा उंबराची, तीही तशीच काडीच्या रूपात. ‘अस्सल शमी’ म्हणून दुप्पट भावाने फळी विकणाऱ्यापासून सांभाळा.

सागवानाला कथांचं एवढं वलय नाही. त्याच्या गाभ्यातल्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही, आणि कोल्हापूरच्या ओलसर पावसाळ्यातही ते फारसं फुगत-वाकत नाही. अंबाबाईच्या गरुडमंडपाचे खांब सागवानीच. फक्त गाभ्याचं लाकूड मागा. कडेचा फिकट भाग लवकर किडतो.

माझा कौल सरळ आहे: देव्हारा सागवानी करा. घरात उंबराचं सत्त्व हवंच असेल, तर मोकळ्या जागेत रोप लावा. भिंतीपासून, विहिरीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपपासून चांगलं लांब लावा, कारण पाण्याच्या शोधात त्याची मुळं दूरवर जातात.