कोकणीचा वर्ग की सोबतीच्या भेटी : गोव्यातील सासष्टी तालुक्यात जाणाऱ्या मराठी स्वयंसेवकांसाठी

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या आमच्यासारख्या गटांपुढे, नव्या सेवकांना कोकणी भाषा आणि येथील चालीरीती कशा शिकवाव्यात, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. माझ्या पाहण्यात त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे शनिवार-रविवारचा वर्ग, ज्यात पुस्तिका, पडद्यावरील चित्रे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. दुसरा म्हणजे त्याच भागात राहणाऱ्या अनुभवी स्वयंसेवकाबरोबर सहा आठवडे भेटींना जाणे. मी दोन्ही केले आहे. मी मूळचा कोल्हापूरचा, पाच वर्षांपासून फोंड्यात राहणारा. त्यामुळे माझे मत घाटावरून आलेल्या मराठी माणसाला जितके लागू पडेल, तितके ते गोव्यातल्याच पेडणे-डिचोलीच्या माणसाला पडेलच असे नाही.

वर्गाला उगाच नावे ठेवू नयेत. वृद्धांच्या आजाराची माहिती शेजाऱ्यांपाशी बोलू नये, फोटो काढण्यापूर्वी विचारावे, दुपारी एक ते चार या वेळेत दार वाजवू नये, क्वारेज्मातील, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील, शुक्रवारी कॅथलिक घरी आणि श्रावणात हिंदू घरी सामिष खाऊ नेऊ नये, अशा गोष्टी तेथे एका दिवसात नीट सांगितल्या जातात. सोबतीला असणारी स्थानिक व्यक्ती त्या सांगत नाही, कारण तिला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत. शिवाय वीस जणांना एकदम तयार करायचे असेल, तर वर्गाला पर्याय नाही.

माझे मत फिरले ते एका त्रासामुळे. वर्गातील प्रशिक्षकांनी हजेरीपटावरील आडनावे वाचली आणि आम्हा मराठी भाषकांकडे पाहून “तुम्हाला कोकणी समजतेच” असे म्हणून ते हिंदी भाषकांच्या बाकांकडे वळले. आम्हीही माना डोलावल्या. दोन दिवस आम्ही केवळ माना डोलावत होतो आणि एकदाही कोणी आम्हाला तोंड उघडायला लावले नाही. मराठीच्या जवळिकीमुळे कोकणी अर्धी समजते हे खरे आहे, पण उरलेली अर्धी आपल्याला समजलेली नाही, हे त्याच जवळिकीमुळे लक्षात येत नाही. त्यात येथील माणसे सौजन्यशील. समोरचा मराठी आहे असे दिसताच ती आपण होऊन मराठीत किंवा हिंदीत उत्तर देतात. फोंड्यात पाच वर्षे काढूनही मी कोकणी बोललो नव्हतो, याचे कारण हेच असावे.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर महिनाभराने मी सोबतीच्या पद्धतीतील पहिल्या भेटीला गेलो. कुडतरीकडील एका जुन्या घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, बसलेल्या सत्तरीपुढच्या बाई म्हणाल्या, “काल रातीं म्हाका जोर आयलो.” त्यांना ताकद आली, असे समजून मी हसतमुखाने “बरें जालें” म्हणालो. माझ्या सोबतीणीने तोपर्यंत पिशवीतून थर्मामीटर काढला होता. कोकणीत जोर म्हणजे ताप. ताप १०१ भरला आणि त्या बाई माझ्या उत्तरावर पुढचे तीन आठवडे हसत राहिल्या. त्यांना मी आरंभी “आजी” म्हटले होते, तेही सोबतीणीने बाहेर पडताना दुरुस्त केले: येथे “आंटी” म्हणावे. हा शब्द पुस्तिकेत नव्हता. मराठी शिष्टाचारानुसार तो मला थोडा उथळ वाटला असता, पण त्या घरी तोच आदराचा होता.

लिपीचा मुद्दाही तेथेच कळला. १९८७च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी म्हणजे देवनागरीतील कोकणी, आणि वर्गाची पुस्तिका अर्थातच त्याच लिपीत होती. सासष्टीतील कॅथलिक वृद्ध मात्र प्रार्थनेचे पुस्तक रोमी, म्हणजे रोमन, लिपीत वाचत मोठे झालेले असतात. मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलेले औषधांचे वेळापत्रक त्या बाईंना वाचताच येत नव्हते. सोबतीणीने ते रोमी अक्षरांत पुन्हा लिहिले तेव्हा गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या.

सोबतीच्या पद्धतीत उणिवा नाहीत असे नाही. सोबतीचा माणूस जसा असेल तसेच शिक्षण मिळते. माझ्या सोबतीणीची शेजारच्या वाड्याविषयीची मतेही मला फुकट मिळाली, आणि ती विसरायला वेळ लागला. वेळापत्रक तर हातात राहतच नाही. जुन्या गोव्यातील ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत ती येऊ शकली नाही, आणि माझे सहा आठवडे आठवर गेले. मनुष्यबळ कमी असलेल्या गटाला हे परवडेलच असे मी म्हणणार नाही.

तरीही निवड करायची झाल्यास माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, निदान मराठी भाषकांपुरता तरी. हिंदी किंवा कन्नड बोलणाऱ्याला आपल्याला कोकणी येत नाही याची जाणीव असते, म्हणून तो वर्गात प्रश्न विचारतो आणि त्याला वर्गाचा उपयोगही होतो. वर्गच घ्यावा लागला, तर प्रशिक्षकांना आधी एवढेच विचारावे की प्रत्येकाला कोकणीत किती वेळ बोलावे लागेल. उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे भरण्यापूर्वी विचार करावा.

आमच्या पुढच्या तुकडीतील सहा जणांची नावे मी सोबतीच्या भेटींसाठी दिली आहेत. दोघे वर्गाला जाणार आहेत, कारण दोघांनाही शनिवार-रविवारखेरीज सुटी नाही. त्यांना “जोर” तेवढा मी आधीच सांगून ठेवला आहे.