बीएमडब्ल्यू 320डी : चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलल्यानंतरचा अनुभव

नव्या ब्रेक डिस्क बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या अभिप्रायाला फारसा अर्थ नसतो, कारण त्या दिवशी कोणत्याही कंपनीची, कशीही बसवलेली डिस्क गुळगुळीतच चालते. काम नीट झाले की नाही याचा निकाल काही हजार किलोमीटरनंतर लागतो. म्हणूनच हे लिहिण्यापूर्वी नागपूरचा एक अख्खा उन्हाळा, पावसाळा आणि थंडीची सुरुवात जाऊ दिली. गाडी एफ30 (बीएमडब्ल्यूच्या 3 सिरीजची एक पिढी) पिढीची 320डी आहे. रोजचा प्रवास मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स असा सिग्नलागणिक थांबत होतो आणि अधूनमधून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला जाणे असते. एप्रिलमध्ये चारही चाकांचे पॅड (डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे घर्षणाचे तुकडे), चारही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या), झीज दाखवणारे दोन्ही सेन्सर आणि ब्रेक ऑइल असे सगळे एकदम बदलून घेतले.

डॅशबोर्डवरचा इशारा येण्याआधीच त्रास सुरू झाला होता. ताशी 90 च्या पुढे असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला तरी स्टीअरिंग थरथरत असे आणि वेग 60 च्या खाली आला की थरथर नाहीशी होत असे. त्यापूर्वीच्या वेळी शहरातील एका गॅरेजने जुन्याच डिस्कवर पुढचे नवे पॅड बसवून दिले होते. त्यांनी डिस्कच्या कडेला व्हर्नियर लावून जाडी पुरेशी असल्याचे सांगितले होते. मोजण्याची ही पद्धत अगदी सर्रास आढळते आणि ती साफ चुकीची आहे. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत पोहोचत नसल्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेल्या लोखंडाची वळी उभी राहते, आणि व्हर्नियरचे सरळ जबडे नेमके त्या वळीवर टेकून जाडी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतात. यावेळच्या मिस्त्रींनी वळीच्या आत शिरणारा मायक्रोमीटर वापरून डिस्कच्या सर्व बाजूंनी मापे घेतली. नवी असताना 24 मिलिमीटर असलेली पुढची डिस्क काही ठिकाणी 22.2 वर आली होती, आणि तिच्यावर कोरलेली किमान मर्यादा 22.4 आहे. ती लेथवर घासून घेण्याचा सल्लाही एकाने दिला होता, पण घासायला लोखंड शिल्लक असेल तरच तो विचार करता येतो.

थरथर सुरू झाली की ‘डिस्क वाकडी झाली’ असे सरसकट म्हटले जाते. बहुतेक वेळा डिस्क वाकत नाही, तिची जाडी असमान होते. डिस्क ज्या हबवर, म्हणजे चाक धरणाऱ्या मधल्या भागावर, बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा अगदी पातळ पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित तिरपी बसते आणि तो तिरपेपणा बाहेरच्या कडेपाशी वाढत जातो. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला पॅड डिस्कच्या त्याच जागी घासत राहतो, ती जागा हळूहळू पातळ होते आणि काही महिन्यांनी तीच असमानता पेडलमधून पायाला व स्टीअरिंगमधून हाताला जाणवू लागते. दोष मात्र डिस्कच्या कंपनीच्या माथी मारला जातो.

अधिकृत सेवा केंद्राचा अंदाज लाखाच्या वर गेला होता. कामाची यादी आणि भागांचे क्रमांक त्यांनी व्यवस्थित लिहून दिले, त्याचा पुढे उपयोगही झाला. अखेर वाडीकडे जर्मन गाड्यांचेच काम करणाऱ्या एका लहान गॅरेजमध्ये, युरोपीय पुरवठादाराचे सुटे भाग मागवून, सत्तर हजारांच्या आत काम झाले. पॅडच्या मागच्या पत्र्यावर आर90 मानकाची खूण पाहूनच ते घेतले. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या जवळपास, म्हणजे 15 टक्क्यांच्या आत असलीच पाहिजे, अशी या मानकाची अट आहे. नुसत्या चकचकीत खोक्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ही खूण शोधणे बरे.

काम सुरू असताना मी तिथेच थांबलो होतो. पुढचे डावे चाक उघडल्यावर मिस्त्रींनी जुनी डिस्क बाजूला ठेवली आणि हबच्या तोंडावर तारेचा ब्रश लावलेले यंत्र फिरवायला घेतले. तपकिरी थर जाऊन खालचे राखाडी लोखंड दिसेपर्यंत, मग बोल्टच्या भोकांभोवतीचा भाग हाताने पॉलिश पेपरने घासत, एकेका हबला त्यांनी बराच वेळ दिला. मी कुतूहलाने पाहतो आहे हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, “भाऊ, डिस्क कोणतीही लावा, हे साफ नाही केलं तर ते थरथरनारच.” त्यानंतर नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून तिच्यावरचा तेलाचा थर काढला गेला, ती बसवली गेली आणि डायल गेज (बारीकसा तिरपेपणा मोजणारे काट्याचे उपकरण) लावून फिरवून तपासली गेली. या गाडीत कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, गाइड पिना रबरी नळ्यांमध्ये कोरड्याच सरकतात. त्यांना ग्रीस लावले तर रबर फुगण्याची भीती असते, त्यामुळे त्या फक्त पुसून परत बसवल्या. चाकांचे बोल्ट हवेच्या गनने आवळून मोकळे न होता टॉर्क पान्याने 140 न्यूटन-मीटरवर आवळले. कमी-जास्त आवळलेले बोल्टही डिस्कला ताण देतात.

मागच्या डिस्कने मात्र वेळ खाल्ला. या पिढीत हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या पोटात, छोट्या ड्रममध्ये असतात, आणि ते सैल केल्याशिवाय जुनी डिस्क निघत नाही. ज्यांच्या गाडीत बटणाचा हँडब्रेक आहे त्यांचे काम वेगळे असते. तिथे संगणक जोडून किंवा ठरावीक क्रमाने सर्व्हिस मोड सुरू केल्यावरच मागचा पिस्टन आत ढकलावा लागतो, नाहीतर मोटरचे नुकसान होऊ शकते. माझ्या गाडीत सेन्सरही दोनच असतात, पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला. म्हणजे उरलेल्या दोन चाकांचे पॅड आधी संपले तर डॅशबोर्ड गप्पच राहणार, तेव्हा टायर बदलताना चारही पॅड डोळ्यांनी पाहून घेतलेले बरे.

नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून त्याच संध्याकाळी बाह्य वळण रस्त्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात ताशी 80 वरून 30 पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये मध्ये थंड होऊ देत बरेचदा ब्रेक लावले. तापलेल्या ब्रेकनिशी सिग्नलला पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो, म्हणून हे काम शहराच्या रहदारीत करता येत नाही. पहिल्या दिवसाचा जळका वास दुसऱ्या दिवशी गेला.

मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना वर्धा मार्गावरच्या कोंडीत ब्रेकमध्ये काही फरक जाणवला नाही. खरी परीक्षा समृद्धीवर झाली. ताशी 120 वरून थांबताना ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती 60 वरून थांबताना लागणाऱ्या ऊर्जेच्या दुप्पट नव्हे, चौपट असते; 1,600 किलो वजनाच्या गाडीसाठी ती जवळजवळ नऊ लाख ज्यूल भरते, आणि ती सगळी काही सेकंदांत डिस्कच्या लोखंडात उष्णता होऊन उतरते. वर्ध्याच्या पुढे एकदा पुढच्या ट्रकने अचानक लेन बदलली तेव्हा जोरात ब्रेक लावावा लागला. गाडी सरळ रेषेत, स्टीअरिंग जराही न हलता खाली आली. ब्रेक बदलण्यापूर्वी असा प्रसंग आला असता तर काय झाले असते, याचा विचार नंतर बराच वेळ डोक्यात होता.

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन आलो. परतवाड्याकडे उतरताना गिअर हाताने खाली ठेवून इंजिनलाच गाडी धरू दिली, त्यामुळे ब्रेकची दमछाक झाली नाही. अशा उतारावर ब्रेक ऑइलचे वय महत्त्वाचे ठरते. डॉट 4 या प्रकारचे ब्रेक ऑइल ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर ती किमान मर्यादा 155 पर्यंत खाली येते. पॅडवर हजारो रुपये खर्च करून जुनेच ऑइल ठेवणाऱ्यांचे मला नवल वाटते.

तक्रारी आहेत, पण किरकोळ. पॅडमध्ये धातूचे प्रमाण बरेच असल्याने पुढच्या अलॉय चाकांवर काळी पूड लवकर साचते आणि आठवड्याला धुवावी लागते. सिरॅमिक पॅड घेतले असते तर पूड कमी झाली असती, पण मला मूळ पॅडसारखीच पकड हवी होती. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर नारिंगी गंज चढतो आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर होते. बिडाच्या डिस्कला ते व्हायचेच. रिव्हर्स घेताना बारीक चिरका आवाज मात्र अजूनही कधीमधी येतो आणि त्याचे कारण सापडलेले नाही.

डिसेंबरमध्ये टायरची अदलाबदल करताना पुढची चाके उघडून पुन्हा मापे घेतली. पुढच्या पॅडची झीज जेमतेम दीड मिलिमीटर भरली आणि आतला व बाहेरचा पॅड सारखाच झिजलेला आहे, म्हणजे गाइड पिना मोकळ्या सरकत आहेत. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी आहे आणि कडेला वळी अजून धरलेली नाही.