करिझ्माचं ‘हाफ इंजिन’: 12,500 रुपये घेतले, इंजिन उघडलंच नाही

पिस्टन-रिंग किट 4,200, लेथवर बोअरिंग 1,400, व्हॉल्व्ह सील आणि गॅस्केट सेट 1,650, ऑइल 750, मजुरी 4,500. एकूण 12,500 रुपये. हिशोब वहीच्या फाडलेल्या पानावर, ना शिक्का ना सही. यातलं ऑइल तेवढं खरं, बाकी सगळं खोटं.

गाडी माझी, 223 सीसीची जुनी हीरो होंडा करिझ्मा, कार्बोरेटरवाली. तक्रारी दोनच. ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे पिळला की गाडी ओढायची नाही, घुसमटायची. आणि सकाळी चालू करताना निळ्या धुराचा एक झोत, मग साफ. मेकॅनिकनं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी दाखवली आणि निकाल देऊन टाकला: “बोअर गेलाय, हाफ इंजिन करावं लागेल.” म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, इंजिनाचा वरचा भाग उघडून पिस्टन आणि त्यावरच्या रिंग बदलायच्या. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला नाही, प्लगसुद्धा काढून पाहिला नाही. गेज न लावता बोअर गेला म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

परत मिळाली तेव्हा इंजिन डिझेलनं धुऊन चकाचक केलेलं होतं. पण सायलेन्सरचा पाइप हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाला, जिथे बसतो, तिथले दोन्ही नट जुन्या गंजासकट जसेच्या तसे होते. पान्याचा एक ओरखडा नाही. हा पाइप सोडल्याशिवाय हेड निघत नाही आणि हेड निघाल्याशिवाय पिस्टन दिसतसुद्धा नाही. सगळी चोरी त्या दोन नटांवर उघडी पडली होती! पण पैसे मोजून काम दिल्यावर ते झालंय असंच माणूस धरून चालतो. गुडघ्यावर बसून गंज तपासायचा ही गिऱ्हाइकाची जबाबदारी कधीपासून झाली?

दुसरी खूण त्याच्याच तोंडून आली. नवा पिस्टन बसवला की पहिले 500 किलोमीटर गाडी दामटू नका, ऑइल लवकर बदला, हे कुठलाही मेकॅनिक बजावून सांगतो. हा म्हणाला, “बिनधास्त पळवा.” जुना पिस्टन मागितला तर कागदात गुंडाळून एक हातात ठेवला. नंतर व्हर्नियर लावला तर 57 मिलिमीटर. करिझ्माचा बोअर 65.5 मिलिमीटर आहे! कुठल्या तरी भलत्याच गाडीचा पिस्टन माझा म्हणून खपवला.

गाडी अर्थातच तशीच घुसमटत राहिली. खरा बिघाड दुसऱ्या मेकॅनिकनं कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून दाखवला: डायफ्राम म्हणजे पातळ रबरी पडदा, त्याचं रबर कडक होऊन स्लाइडच्या (हवेची वाट कमी-जास्त उघडणाऱ्या दट्ट्याच्या) कडेला बारीक चीर गेली होती. या कार्बोरेटरमध्ये स्लाइड केबलनं नाही, व्हॅक्यूमनं उचलली जाते. चिरेतून व्हॅक्यूम गळतो, स्लाइड अर्ध्यावरच अडकते आणि वरच्या वेगाला लागणारी हवा-पेट्रोल मिळतच नाही. डायफ्राम उजेडासमोर धरून हलकेच ताणा, चीर लगेच दिसते. मजुरीसकट खर्च 980 रुपये.

त्यानं गेजही लावला. इंजिन गरम, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत सेल्फ: 160 पीएसआय. प्लगच्या भोकातून 5 मिली ऑइल टाकून पुन्हा: 165. रिंग झिजल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चांगलाच चढला असता. म्हणजे बोअर ठणठणीत होता. चालू करताना येऊन थांबणारा धूर व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे व्हॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणाऱ्या रबराचा असतो. रिंगचा धूर गाडी जोरात ओढताना येतो आणि येतच राहतो. तो सकाळचा झोत आजही येतो. मग 1,650 चे सील गेले कुठे?

पोलीस चौकीत सांगितलं, “हा दिवाणी मामला आहे.” न केलेल्या कामाचे पैसे घेणं आणि पुरावा म्हणून खोटा पिस्टन देणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्ज घेतला, पोच दिली नाही. तक्रार कक्षात म्हणे पक्कं बिल आणा. अहो, चोर पक्कं बिल देतो का? एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून “साहेब रजेवर.” गॅरेजवाला मात्र रोज शटर उघडून बसलेला आहे.

बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

इंजिन उघडायला देण्याआधी हेड आणि सिलिंडरच्या सांध्यावर, नटांवर नेलपेंटची आडवी रेघ मारून फोटो काढा. उघडलं की रेघ तुटतेच. बोअरिंगनंतर बसणाऱ्या ओव्हरसाइज, म्हणजे किंचित मोठ्या पिस्टनच्या माथ्यावर सहसा 25 किंवा 50 (0.25 किंवा 0.50 मिलिमीटर जादा) असा आकडा कोरलेला असतो. सिलिंडर बसवण्याआधी तो समोर उभं राहून बघा आणि जुना पिस्टन तिथेच मोजून घ्या.