'टॉप गन' की 'अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन'? भरतीची तयारी करणाऱ्या मुलीसोबत कुठला बघावा

माझी भाची सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची तयारी करते. पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावायचं, संध्याकाळी क्लास, मग दोर चढायचा सराव. पेपर झाल्यावर म्हणाली, "मामा, फौजेचा एखादा जुना पिक्चर लावा की. लव्ह स्टोरी असली तरी चालंल." मनात ही दोनच नावं होती, आठवड्याच्या अंतरानं दोन्ही बघितले. घरात अशी मुलगी असेल आणि कुठला लावायचा असा प्रश्न पडला असेल, तर माझा अनुभव सांगतो.

दोन्हीत अमेरिकन नौदल, वैमानिक व्हायची धडपड आणि प्रेम. विमानं बघायची असतील तर 'टॉप गन'ला तोड नाही. लहान पोरं सोबत असतील तरीही तोच लावा, कारण दुसऱ्यात शिव्या, शय्यादृश्यं आणि एक आत्महत्या आहे.

पण मला बघायचं होतं ते वेगळं. त्या गणवेशात कोणाकोणाला जागा मिळते?

'टॉप गन'मधली चार्ली हुशार आहे, वैमानिकांना शिकवते. ख्रिस्टीन फॉक्स या खऱ्या विश्लेषक बाईंवरून ती सुचली. पण ती गणवेशाबाहेरची. लढाऊ विमानांवर बायकांना 1993 पर्यंत बंदी होती, म्हणून तिथं फार बोट ठेवत नाही. मला खटकला तो सनडाउन. क्लॅरेन्स गिलयार्डनं केलेला हा कृष्णवर्णीय अधिकारी. नायक मॅव्हरिकचा जोडीदार गूस अपघातात गेल्यावर मॅव्हरिकच्या मागच्या सीटवर तो बसतो. सरावात हातातलं सावज मॅव्हरिक सोडून देतो, सनडाउन विचारतो, मारलं का नाहीस, तर मॅव्हरिक त्याच्या अंगावर धावून जातो. पुढं शेवटच्या लढाईत मागच्या सीटवर दुसराच माणूस. सनडाउनला घर आहे का, त्याला काय वाटलं, काहीच कळत नाही. पहिल्यांदा बघताना हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. या वेळी मात्र सिनेमा संपेपर्यंत मी त्यालाच शोधत राहिलो.

1982 च्या 'ऑफिसर'मध्ये पेरीमन आहे, तोही कृष्णवर्णीय. पण त्याला बायको आहे, पोरं आहेत. तपासणीच्या ऐन वेळी तो नायक मेयोकडं चकाकणारं बक्कल मागतो, मेयो नाही म्हणतो, आणि नायकाचा स्वार्थ आपल्याला पेरीमनच्या चेहऱ्यावर दिसतो. या पोरांना घडवणारा प्रशिक्षक सार्जंट फोली तर सिनेमाचा कणाच. लुई गॉसेट ज्युनियर यांना त्यासाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं; तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभिनेते. फोलीच्या रंगावर कथा अडत नाही. त्याची जरब, त्याचं काम, एवढंच.

आणि सीगर. पलटणीतली मुलगी, जिला ती अडथळ्याची भिंत चढता येत नाही. दोर धरते, पाय घसरतात, खाली येते. भाचीच्या तळव्यांना तेव्हा दोरानं सोललेल्या जागी पट्टी होती. "जरा मागं घ्या की," म्हणाली. तीनदा मागं घेतलं. शेवटी मेयो स्वतःचा विक्रम सोडून परत फिरतो, ओरडून ओरडून तिला बळ देतो, पण उचलत नाही. वर ती स्वतःच जाते. तिथंही पुरुषाचा आवाज लागलाच, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

खोट या सिनेमातही आहे, आणि लहान नाही. कागद गिरणीतल्या कामगार मुली म्हणजे अधिकाऱ्यांना गळाला लावणाऱ्या, हा संशय कथाच पेरते. डेब्रा विंगरची पॉला त्यातलीच एक, मेयोची प्रेयसी; ती कथेला त्या संशयातून बाहेर काढते, पण तिची मैत्रीण लिनेट हिच्या वाट्याला तेवढी माया येत नाही. फिलिपाइन्समधली माणसं दिसतात ती मेयोच्या लहानपणी त्याला गल्लीत मारणारी पोरं म्हणून, बस्स. कामगार घरातला प्रेक्षक इथं दुखावला तर त्याचं बरोबरच आहे.

तुमची आवड निराळी असू शकते. विमानांसाठी मीही 'टॉप गन' पुन्हा लावीन. पण दुसऱ्या दिवशी पहाटे भाची बूट बांधत होती तेव्हा तिनं मला एकच विचारलं, "ती भिंत किती फुटांची असंल हो मामा?"