एका रात्रीत वाळलेले ‘शुद्ध’ टंग तेल

माझ्या जुन्या रायफलचा अक्रोडी दस्ता वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळवंडला होता, आणि तो साफ करून पुन्हा तेलावर आणण्याचे काम मी स्वतःच करायचे ठरवले. तेल कोणते घ्यावे, यावर मात्र महिनाभर घोळ घातला. जवसाचे तेल हा जुना, रुळलेला मार्ग. ब्रिटिश सैन्यातील ली-एनफिल्ड रायफलींचे दस्ते कच्च्या जवसाच्या तेलावरच राखले जात. परंतु ते वाळायला फार दिवस घेते. ‘बॉइल्ड’ म्हणून विकले जाणारे तेल बहुधा उकळलेले नसतेच, त्यात लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. दोन्ही कालांतराने गडद पिवळी पडतात आणि पाण्यापासून त्यांचे संरक्षण बेताचेच असते. टंग वृक्षाच्या बियांचे तेल पाण्यासमोर अधिक टिकते आणि पिवळेही कमी पडते, म्हणून मी त्याकडे वळलो.

विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के शुद्ध टंग तेल’ असे ठळक लिहिले होते. मी फोन करून विचारलेही. “साहेब, निर्धास्त राहा, बियांचं तेल आहे, दुसरं काही नाही,” असे उत्तर मिळाले. बाटली आली तेव्हा तिच्यावर ‘टंग ऑइल फिनिश’ असे छापलेले होते, आणि ‘फिनिश’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरांत होता की तो मला नावाचा शेपूट वाटला. मागच्या बाजूला ज्वालाग्राही द्रव असल्याची सूचना होती, पेट्रोलियमजन्य द्रावकाचा उल्लेखही होता. हे सारे मी वाचले, परंतु त्यातून काही निष्कर्ष काढला नाही, याला दोष माझाच.

पहिला हात रात्री दिला. तेल जवळजवळ पाण्याइतके पातळ होते आणि वास थिनरचा येत होता. सकाळी पाहतो तो दस्ता कोरडा, आणि वर मंद चकाकी. मी इतका खूश झालो की सरावाला सोबत येणाऱ्या मित्रालाही तीच बाटली घ्यायला लावली. खरे तर माझी फसवणूक त्या सकाळीच उघड झाली होती, फक्त मी तिला गुण समजलो. शुद्ध टंग तेल उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जखडतात आणि ते सावकाश घट्ट होते. एकेका पातळ हातामध्ये दोन-तीन दिवस तरी जावे लागतात, पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात, आणि इतके करूनही पृष्ठभाग चकचकीत न होता मळकट रेशमासारखा दिसतो. पातळ, उग्र वासाचे आणि सकाळपर्यंत चमकणारे जे असते, ते द्रावक घालून पातळ केलेले व्हार्निश.

चौथ्या हातानंतर पकडीजवळच्या जाळीदार नक्षीच्या खाचा अर्ध्या भरून आल्या आणि बोटांना टोचणारी धार बोथट झाली. पुढे काही आठवड्यांत, पट्ट्याची कडी जिथे दस्त्यावर आपटते तिथे नखाएवढा पापुद्रा उडाला. त्याची कड पांढुरकी दिसत होती आणि नखाने उचलली की आणखी निघत होती. लाकडात मुरलेल्या तेलाचा असा पापुद्रा निघत नाही. ओरखडा पडला तर तेवढ्या जागी थोडे तेल चोळून भागते. इथे मात्र सगळाच थर काढावा लागणार होता.

मग मी जे आधी करायला हवे होते, ते केले. उरलेले तेल मोजून १०० मिलिलिटर घेतले आणि वजन केले. टंग तेलाचे वजन सुमारे ९३ ग्रॅम भरायला हवे. माझे ८६ भरले, कारण द्रावक तेलापेक्षा बराच हलका असतो. काचेच्या तुकड्यावर जाडसर थेंब ठेवला, तो गुळगुळीत, कडक आणि पारदर्शक वाळला. शुद्ध तेलाचा थेंब फार उशिरा वाळतो आणि वाळताना सुरकुततो. विक्रेत्याला हे कळवल्यावर तो म्हणाला, बाटलीवर ‘फिनिश’ लिहिलेले आहे आणि बाटली उघडलेली आहे, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. असले व्हार्निश वाईट असते असे माझे म्हणणे नाही. अनेक दस्त्यांना ते शोभते आणि पावसातही उपयोगी पडते. ते व्हार्निश म्हणून विकावे, एवढेच.

थर काढायला तीन सुट्ट्या गेल्या. नक्षीतला माल जुन्या दातांच्या ब्रशने ओळ-ओळ खरवडावा लागला, आणि दोन ठिकाणी नक्षीची टोके तुटली ती तुटलीच. (पुढे खरे तेल वापराल तेव्हा चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून किंवा उघड्यावर पसरून वाळवूनच फेका.)

या वेळी बाटली मागवण्यापूर्वी नव्या विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालातले घटक आणि धोके सांगणारे पत्रक, मागून घेतली आणि घटकांमध्ये एकच नाव आहे ना, ते पाहिले. दुसऱ्या एकाने ती पाठवण्याचे टाळले, तेव्हा त्याच्याशी पुढे बोललोच नाही. नव्या तेलाचा थेंब काचेवर जुन्याच्या शेजारी ठेवून आज चौथा दिवस आहे. मित्राने फोनवर विचारले, “वाळला का?” अजून बोटाला चिकटतो आहे, असे मी त्याला अगदी समाधानाने सांगितले.